नव्वद दिवसांपलीकडची येणी

मध्ये एकदा रात्री लिफ्ट बंद होती म्हणून खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभी होते तर चौथ्या मजल्यावरचा मुलगा आला. बीएमएसच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे आता, लहानपणी आमच्या दारावर बॉल आपटायचा तोच. "ताई, एक विचारू?" म्हणत त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात एक फोल्डर, फोल्डरमध्ये अकरा सर्टिफिकेटं. डिजिटल मार्केटिंग, फायनान्शियल मॉडेलिंग, सिक्स सिग्माचा यलो बेल्ट, लीडरशिप वगैरे. सगळ्यांवर त्याचं नाव त्या वळणदार सोनेरी अक्षरांत. "अजून कुठलं केलं म्हणजे करिअर कॅपिटल बिल्ड होईल?"

करिअर कॅपिटल, म्हणजे करिअरसाठी साठवलेलं कौशल्यांचं आणि ओळखींचं भांडवल, हा शब्द त्याने कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेला दिसत होता. मी "बघते, सांगते" म्हटलं आणि सहा मजले चढायला लागले. गुडघे दुखत होते ते वेगळंच, पण डोक्यात तो शब्द बसला तो बसलाच.

कारण आमच्या घरात भांडवल हा शब्द फक्त एकाच अर्थाने वापरायचे. आई सकाळी पांघरूण ओढायची, "एवढ्याशा सर्दीचं भांडवल करू नकोस, ऊठ, क्लासला जा." पेपरात यायचं, अमक्या घटनेचं विरोधकांनी भांडवल केलं. म्हणजे भांडवल करणं हे जरा हलकंच काम, सभ्य माणसाने न करायचं. बाबा टेलिफोन खात्यात, काका शाळेत, मामा बँकेत, आत्या पोस्टात. धंदा केलेला माणूस नात्यात एकही नाही. लग्नात जेवताना कोणी धंद्याचा विषय काढला तर पुढचं वाक्य हमखास "आपल्या लोकांना नाही जमत ते" असायचं आणि मग जिलबी. अशा घरातली मुलगी एमएमएस, म्हणजे इथलं एमबीएच, करून बिझनेस शिकायला गेली, तिला कॅपिटल म्हणजे काय ते परीक्षेत पाच मार्कांना लिहिता यायचं, बाकी काही नाही.

माझं एमएमएस २०१२ साली संपलं, नवी मुंबईतल्या एका कॉलेजातून. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांनी जे शिकवायचं ते शिकवलं. दोन वर्षांत आम्ही एवढी प्रेझेंटेशनं केली की शेवटी शेवटी ब्लेझर इस्त्रीला टाकायचंसुद्धा सोडून दिलं. फोर पीज, फाइव्ह फोर्सेस, स्वॉट. कुठलीही कंपनी द्या, दहा मिनिटांत तिची बलस्थानं आणि धोके चार चौकटींत मांडून दाखवायचो. कॅम्पसमध्ये मला एका कंपनीने घेतलंही. आईने पेढे वाटले. मग जॉइनिंगची तारीख एक महिना पुढे गेली, मग अजून दीड महिना, मग एचआरच्या बाईंनी फोन उचलणं बंद केलं. ऑफर लेटर अजून आहे माझ्याकडे, चांगल्या जाड कागदावरचं.

शेवटी नोकरी लागली ती वागळे इस्टेटमध्ये. रोड नंबर २२ च्या आतल्या एका गल्लीत व्हॉल्व्ह आणि फिटिंग बनवणारा कारखाना, चाळीसेक कामगार, खाली मशीनचा आवाज आणि वर पत्र्याखाली ऑफिस. पगार चौदा हजार. ठाण्याच्या लोकांना वागळे म्हणजे काय ते सांगायला नको, घोडबंदर रोडचे टॉवर उभे राहिले त्याच्या कितीतरी आधीपासून या शहराचं पोट तिथं भरायचं. पण एमएमएस झालेल्या मुलीने तिथं जाणं हे आमच्या बॅचच्या ग्रुपवर सांगण्यासारखं नव्हतं. मी लिहिलं, "मॅन्युफॅक्चरिंग सेक्टर, फायनान्स रोल." खोटं काहीच नव्हतं त्यात.

फायनान्स रोल म्हणजे वसुली.

शेठने पहिल्या दिवशी एक प्रिंटआउट हातात दिली. पार्टीचं नाव, बिल नंबर, तारीख, रक्कम, आणि मग रकाने: तीस दिवसांपर्यंत, एकतीस ते साठ, एकसष्ट ते नव्वद, नव्वदच्या वर. शेवटचा रकाना सगळ्यात भरलेला. "बेटा, ये सब अपना ही पैसा है, फक्त दुसऱ्यांच्या घरी राहते." एवढंच ट्रेनिंग.

खरं ट्रेनिंग दिलं ते तिथल्या अकाउंटंट काकांनी. मूळचे राजापूरकडचे, राहायला कळव्यात, छप्पन्न-सत्तावन्नचे असतील तेव्हा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर दोन बोटांनी काम करायचे आणि माऊसला हात लावला की त्यांना अपमान झाल्यासारखं वाटायचं. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, बोटं न बघता जायची. मी पहिला फोन वापीच्या एका कंपनीला केला, एकदम कॉलेजातल्या इंग्रजीत, धिस इज विथ रेफरन्स टू अवर आउटस्टँडिंग असं काहीतरी. पलीकडच्या माणसाने "मेल कर दो मॅडम" म्हणून ठेवून दिला. मी मेल केला. उत्तर नाही. दोन रिमाइंडर केले. उत्तर नाही. चौथ्या दिवशी काकांनी माझ्या हातातून फोन घेतला, त्याच माणसाला लावला आणि पहिली दोन मिनिटं वापीत पाऊस किती झाला यावर बोलले. मग मुलीची दहावी. मग अगदी सहज, "ते आमचं तेरा तारखेचं बिल, जीआरएन झालंय का हो तुमच्याकडे?" पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. जीआरएन झालंच नव्हतं. म्हणजे माल गेटवर उतरला, स्टोअरवाल्याने तो आत घेतला पण सिस्टिममध्ये माल मिळाल्याची नोंदच केली नाही, त्यामुळे अकाउंट्सच्या लेखी तो माल आलेलाच नाही, मग पैसे कशाचे देणार? माझे तीन मेल ज्या माणसाला गेले त्याच्या हातात काही नव्हतंच.

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "अगं, पैसे नाहीत म्हणून पैसे अडकतात असं दहातल्या दोन वेळाच होतं. बाकी आठ वेळा कागद अडकलेला असतो. तो कुठे अडकलाय ते शोधायचं, भांडायचं नाही."

त्यांचे आणखीही नियम होते, लेखी कुठेच नव्हते. सोमवारी फोन करायचा नाही, सोमवारी त्यांचे साहेब त्यांच्यावर ओरडत असतात. साडेदहा ते अकरामध्ये करायचा, चहा यायच्या आत, कारण चहानंतर माणूस टेबलावर सापडत नाही. महिनाअखेरीला आपली गरज सांगायची नाही, त्यांची विचारायची. आणि पैसे आले की त्या दिवशीही फोन करायचा, आले म्हणून सांगायला. हा शेवटचा नियम मला तेव्हा फुकट वेळ घालवल्यासारखा वाटायचा.

रबाळे एमआयडीसीतल्या एका पार्टीचा किस्सा सांगते कारण मी जे काही शिकले त्यातलं निम्मं त्या एका दुपारी शिकले. दोन लाख चाळीस हजारांचं बिल, एकशे चाळीस दिवस झालेले. फोनवर दर वेळी "प्रोसेसमध्ये आहे". शेठ वैतागलेला, वकिलाची नोटीस पाठवू म्हणत होता. काकांनी मला सांगितलं, तू स्वतः जाऊन ये, आणि चलनाची फाइल, म्हणजे मालासोबत पाठवलेल्या कागदांची, घेऊन जा. ठाणे स्टेशनला दहा नंबरवरून पनवेल गाडी पकडली, रबाळेला उतरले, रिक्षावाल्याने कंपनीच्या नावाऐवजी समोरच्या वडापावच्या गाडीची खूण विचारली. गेटवर अर्धा तास. मग अकाउंट्सवाल्याने स्टोअरकडे पाठवलं आणि तिथं एका पत्र्याच्या टेबलापाशी एक बुटका माणूस बसलेला, कानात पेन, समोर लांबट रजिस्टर. त्याने पान उलगडून दाखवलं. बिलात माल पन्नास नग. त्याच्या नोंदीत अठ्ठेचाळीस. "दोन नग कमी आलेत मॅडम, मी कसा सही करू?" बरोबरच होतं त्याचं. मी फाइल उघडली, चाळत बसले, आणि नऊ दिवसांनंतरच्या तारखेचं एक वेगळं चलन सापडलं. दोन नग. आमच्याकडे त्या दिवशी दोन व्हॉल्व्ह टेस्टिंगमध्ये नापास झालेले, ते मागाहून टेम्पोने पाठवलेले, आणि हे त्या रजिस्टरमध्ये दुसऱ्याच पानावर, दुसऱ्याच पीओखाली, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरखाली, चढलेलं. त्याने कानातलं पेन काढलं, दोन्ही नोंदींना एक बाण काढला, सही केली, जांभळा शिक्का मारला. बाण मला अजून दिसतो. आठ दिवसांत चेक.

कोणी चोर नव्हतं. एकशे चाळीस दिवस दोन कंपन्या एकमेकींना लबाड समजत होत्या आणि मधे फक्त एक बाण काढायचा राहिला होता.

त्यानंतर मी प्रत्येक अडकलेल्या बिलासमोर कारण लिहायला लागले. आधी वहीत, मग एक्सेलमध्ये. पीओ नंबर चुकलाय. रेट जुना लागलाय. टेस्ट सर्टिफिकेट जोडलं नाही. बिल ज्याच्या नावे पाठवलं तो माणूस नोकरी सोडून गेला. वर्षभरात लक्षात आलं की कारणं फार फार तर बारा-तेरा आहेत, तीच तीच फिरून येतात, आणि त्यातली सात आपल्याच डिस्पॅचच्या टेबलावर जन्माला येतात. मग मी डिस्पॅचच्या मुलाच्या डोक्यावर बसले. बिल बाहेर जायच्या आधी सहा गोष्टी बघायच्या, टिक करायची. त्याने मला मनात खूप शिव्या घातल्या असणार.

हे सगळं काम चालू असताना मला एकदाही वाटलं नाही की मी काहीतरी साठवतेय. उलट वाटायचं की बॅचचे लोक पुढे जातायत आणि मी इथं पत्र्याखाली पंख्याचा आवाज ऐकतेय. संध्याकाळी तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षात बसून ग्रुपवरचे फोटो बघायचे, कोणी गुडगावला, कोणी सिंगापूरला ट्रेनिंगला, गळ्यात लॅनयार्ड. मीही मग सर्टिफिकेटं करायला लागले. दोन केली, एक अर्धवट सोडलं. म्हणून त्या मुलाचा फोल्डर बघून मला हसू आलं नाही.

आणि एक विद्या तर मी अशी कमावली की ती अख्खीच्या अख्खी रद्दीत गेली. सी फॉर्म. आत्ताच्या मुलांना हे नाव माहीत असायचं कारण नाही. दुसऱ्या राज्यात माल विकला आणि गिऱ्हाइकाने सी फॉर्म दिला तर २ टक्के सीएसटी, म्हणजे केंद्रीय विक्रीकर, नाही दिला तर आपल्या राज्यातला पूर्ण रेट, आणि फरक व्याजासकट विकणाऱ्याच्या बोडक्यावर. दर तिमाहीचा एक फॉर्म. तो गिऱ्हाइकाकडून मिळवणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, कारण पैसे त्याचे नाही जाणार, आपले जाणार. मी त्यात इतकी तयार झाले होते की वापी, अंकलेश्वर, सिल्वासा, इंदूर, कुठल्या कंपनीत कोणाला विचारलं की फॉर्म निघतो हे मला तोंडपाठ. शेजारच्या दोन कारखान्यांचे लोक मला विचारायला यायचे. माझा रुबाब होता.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि सी फॉर्म पेट्रोल-डिझेलसारख्या मोजक्या मालापुरता उरला, आमच्या कामातून नव्या विक्रीसाठी तो संपलाच. त्याच दिवशी मुंबईची जकातही गेली, मुलुंड चेकनाक्यावरच्या ट्रकच्या रांगा ओसरल्या, सगळे खूश, आणि मी मात्र टेबलावर बसून माझ्या त्या निळ्या फाइलींकडे बघत होते. जुन्या वर्षांच्या कराच्या असेसमेंट पुढेही चालू राहिल्या म्हणून फोन लगेच बंद झाले नाहीत, पण माझी मास्टरी मोडीत निघाली होती हे मला दिसत होतं. काका तर नोकरी सोडायच्या गोष्टी करायला लागले. "आता या वयात हे मालाच्या वर्गवारीचे एचएसएन कोड कुठे पाठ करू?"

पण झालं असं की दोन-तीन महिन्यांत नवीन प्रकार सुरू झाला. गिऱ्हाइकं बिलाचे पैसे द्यायची आणि जीएसटीची रक्कम मागे ठेवायची. का, तर तुमचं बिल आमच्या टूएमध्ये, म्हणजे विकणाऱ्यांच्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत, दिसत नाही. म्हणजे आपण आपल्या रिटर्नमध्ये ते बिल दाखवताना त्यांचा नंबर चुकवला किंवा बिलच राहिलं, तर त्यांना त्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, दिसत नाही, मग ते का सोडतील पैसे? बाजारात गोंधळ, सगळे सीएला फोन लावतायत. आणि मला ते बघून एकदम ओळखीचं वाटलं. हे तर रबाळ्याचं रजिस्टर! आपल्या वहीत एक, त्यांच्या वहीत एक, मधला बाण काढायचाय. फॉर्मचं नाव बदललं होतं, दुखणं तेच होतं. आणि ज्या लोकांना मी पाच वर्षं सी फॉर्मसाठी छळलं होतं तेच आता फोन उचलत होते, कारण पैसे आले की आले म्हणून सांगणारी मी एकटीच होते म्हणे. हे मला इंदूरच्या एका अकाउंटंटनेच सांगितलं. काकांचा तो फुकट वेळ घालवणारा नियम.

इथं मी थांबून एक कबूल करते. तोवर मला तिथं पाच वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची दोन मी नुसती बसून काढली होती. पहिली तीन वर्षं रोज काहीतरी नवीन अडायचं. नंतर त्याच पार्ट्या, तीच कारणं, तोच डबा, तीच रिक्षा. मी त्याला निष्ठा म्हणायचे. खरं तर भीती होती, बाहेर कोणी घेईल का याची. जीएसटीने माझी खुर्ची हलवली म्हणून मी उठले, नाहीतर आजही तिथंच असते.

उठले तरी लगेच कोणी घेतलं नाही. चार इंटरव्ह्यू दिले, चारही गेले. सीव्हीवर लिहिलं होतं, हँडल्ड अकाउंट्स रिसिव्हेबल, म्हणजे येणी सांभाळली. बस. मला सांगताच यायचं नाही मी काय करते ते, मी सांगायला लागले की ती स्टोअरवाल्याची गोष्टच यायची तोंडात आणि समोरचा घड्याळाकडे बघायचा.

मग माझा एक बॅचमेट भेटला. नांदेडचा मुलगा, एमएमएसला असताना कोपरखैरण्यात एका खोलीत चौघं राहायचे. तेव्हा चार लाखांपर्यंत तारण लागायचं नाही म्हणून बरोब्बर चार लाखांचं एज्युकेशन लोन काढलेलं. त्याच्या लोनचा नियम असा की कोर्स संपल्यावर एक वर्ष किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, जे आधी होईल तेव्हापासून हप्ता सुरू. नऊ हजारांच्या आसपास हप्ता, वर खोलीचं भाडं. त्यामुळे त्याने पहिली मिळाली ती नोकरी धरली, बँकेत सेल्सची, वाशीच्या मार्केटमध्ये व्यापाऱ्यांची करंट अकाउंट उघडायची आणि त्यांच्या गळ्यात विमे मारायचे. त्याला ती आवडायची नाही. पण आकडा नसेल तर पगार नाही अशा ठिकाणी राहून राहून तो आकड्यांतच बोलायला लागला होता.

आम्ही मामलेदारला मिसळ खात होतो, नाकातोंडातून पाणी वाहतंय, आणि हा विचारतो, "तू आलीस तेव्हा किती दिवसांची उधारी होती?" मी म्हटलं माहीत नाही. "सेल किती?" अठरा कोटी. "येणी किती होती?" चार कोटी ऐंशी लाख, हे मला माहीत होतं. त्याने बिलाच्या चिठ्ठीमागे लिहिलं. येणी भागिले सेल गुणिले ३६५. सत्त्याण्णव दिवस. "आता?" आता तीन कोटी, सेल तेवढाच. एकसष्ट दिवस. मग तो पेन तसंच धरून बसला. म्हणाला, "म्हणजे एक कोटी ऐंशी लाख तू मोकळे केलेस. तुमच्या शेठची सीसी असेल ना, बँकेकडून व्याजाने घेतलेली कॅश क्रेडिट? बारा टक्के धर." वर्षाला एकवीस लाखांच्या वर व्याज. आणि माझा तेव्हाचा पगार महिना चोवीस हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. त्या दिवाळीला शेठने मला काजूकतलीचा बॉक्स आणि दोन हजार वाढ दिली होती आणि मी घरी येऊन आनंदाने सांगितलं होतं.

शेठ वाईट माणूस नव्हता, पगार कधी एक दिवस उशिरा झाला नाही. आणि ते छत्तीस दिवस काही मी एकटीने कमी केले नव्हते, एका मोठ्या गिऱ्हाइकाने स्वतःची पेमेंट सिस्टिम बदलली त्यातच दहा-बारा दिवस गेले असतील. तरी ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली. तिखट तर्री लागलेली.

अकाउंट्सला एक नियम शिकवतात, एएस २६ या अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये आहे, की स्वतः तयार केलेलं गुडविल ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. विकत घेतलेलंच दाखवता येतं. तुम्ही तीस वर्षं सचोटीने दुकान चालवा, नावलौकिक कमवा, पुस्तकात शून्य. उद्या कोणी ते दुकान जास्त पैसे मोजून विकत घेतलं तर त्याच्या पुस्तकात मात्र ते गुडविल म्हणून येतं. परीक्षेत हे लिहिताना फारच अन्याय्य वाटलेलं. वागळेतली पाच वर्षं तशीच होती, माझ्या कुठल्याच कागदावर नव्हती, ती दिसली थेट २०१८ मध्ये, ऐरोलीला एका कंपनीने त्याची किंमत केली तेव्हा.

त्या इंटरव्ह्यूला मॅडमनी विचारलं, मोठ्या कस्टमरचं पेमेंट शंभर दिवस अडकलंय, काय कराल? माझ्या आधीचे बाहेर येऊन एस्कलेशन मॅट्रिक्स वगैरे सांगितल्याचं बोलत होते. मी घाबरलेलेच होते, तोंडातून निघून गेलं, "आधी त्यांच्या स्टोअरला विचारीन माल नोंदलाय का." त्या हसल्या. मग पाऊण तास आम्ही कारणांवरच बोलत होतो, त्यांच्याकडे त्याला कोड होते, माझ्याकडे वही होती. पगार दुपटीच्या वर गेला. आजही तिथंच आहे, ठाण्याहून गाडी, मधे आता दिघा गाव स्टेशन झालंय २०२४ पासून, बाकी काम तेच, पार्टी वापीऐवजी रॉटरडॅमची एवढंच. तिथंही चहाची वेळ असते.

पण हे सगळं त्या मुलाला असंच्या असं सांगायला माझी जीभ उचलत नाही. कारण यातली एक गोष्ट मी कायम गाळते. चौदा ते चोवीस हजारांवर मी पाच-सहा वर्षं काम शिकू शकले कारण नौपाड्यातलं घर बाबांचं होतं. भाडं नाही, हप्ता नाही, डबा आईचा. मी कमावलं म्हणते ते सगळं त्यांच्या जिवावर घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजत कमावलं. नांदेडच्या त्या मुलाकडे सावकाश शिकायची चैन नव्हती, तो सहाव्या महिन्यापासून हप्ता भरत होता. आता खारघरला ब्रँच मॅनेजर आहे, चांगलं चाललंय त्याचं, पण त्याला अजूनही बारावीनंतरच्या कोणाला "आधी शिक, पैसा नंतर येईल" असं सांगणारे लोक दिसले की तो उठून बाल्कनीत जातो. मला आधी वाटायचं हा जरा कडवट झालाय. आता नाही वाटत.

तरी मुलाला काहीतरी सांगणं भाग होतं, रोज लिफ्टमध्ये भेटतो. त्याचंही घर स्वतःचं आहे, वडिलांची नोकरी आहे, म्हणजे त्याच्याकडे वेळ आहे हे मी हिशेबात धरलं. म्हटलं, सुट्टीत दोन महिने कुठल्यातरी छोट्या कारखान्यात वसुलीला बस. त्याची आई दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडे भेटली तेव्हा हसत हसत म्हणाली, "अगं, एवढी फी भरली आणि तू त्याला उधारी मागायला पाठवतेस होय?" मी पण हसले. काय बोलणार. मेथी वीस रुपये झाली होती, त्यावर बोललो.

पण गेला तो. रबाळ्यालाच, कोरोगेटेड बॉक्स बनवणाऱ्यांकडे. पहिला आठवडा काही आवाज नाही. मग काल, रविवारी रात्री अकराला मेसेज. एक्सेलचा फोटो, शेवटच्या रकान्यात एक ओळ पिवळी केलेली. एक लाख बारा हजार, एकशे सहा दिवस. खाली लिहिलंय, ताई ही पार्टी फ्रॉड आहे बहुतेक, तीन मेल केले, रिप्लायच नाही.

मी विचारलं, फोन केलास?

नाही. उद्या सकाळी पहिलं काम तेच करतो.

मी लिहिलं, उद्या सोमवार आहे. मंगळवारी कर, साडेदहाला. आणि जाताना चलनाची फाइल शोधून ठेव.